रिपोर्ट नॉर्मल आला, तरी झटके खरेच असतात

अकोला जिल्ह्यातल्या पातूरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या तरुण मुलीला किंवा नव्या सुनेला झटके येऊ लागले, की तिच्याबद्दलचे निकाल भराभर लागतात. शेजारी मिरगी म्हणून कांदा हुंगवायला सांगतात. कुणी ‘बाहेरचं दिसते’ म्हणत सैलानी बाबांच्या दर्ग्यावर नेऊन आणायचा सल्ला देते. घरातलेच कुणीतरी हलक्या आवाजात ‘नाटकं करून राह्यली’ म्हणते. मग अकोल्याच्या चकरा सुरू होतात, ईईजी (मेंदूचा आलेख) आणि एमआरआय काढले जातात, दोन्ही नॉर्मल येतात आणि दवाखान्यातून शेवटचा निकाल मिळतो: ‘काही नाही झालं, टेन्शन घेऊ नका.’ माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान हा शेवटचा निकाल करतो, कारण तो जाणकाराच्या तोंडून येतो. मेंदूत अपस्माराची, म्हणजे मिरगीची, खूण सापडली नाही, एवढेच त्या तपासण्या सांगतात. रुग्णाला काही झालेलेच नाही, असे त्या कुठेही म्हणत नाहीत. असे झटके आणणारा एक स्वतंत्र आजार आहे. तो ओळखता येतो आणि बऱ्याच रुग्णांमध्ये आटोक्यातही येतो. तो तालुक्याच्या पातळीवर ओळखणे आणि रुग्णाला व घरच्यांना नीट समजावून सांगणे ही उपचाराची पहिली आणि सर्वांत स्वस्त पायरी आहे. ती पायरी आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेने गाळता कामा नये, हे मला आग्रहाने मांडायचे आहे.

या आजाराला मनोजन्य झटके किंवा कार्यात्मक झटके म्हणतात. अपस्मारात मेंदूतल्या पेशींचे समूह एकाच वेळी बेताल विद्युत्‌लहरी सोडू लागतात. त्यातून शरीर आखडते, हातपाय झटकतात, शुद्ध हरपते. मनोजन्य झटक्यात बाहेरून जवळपास तेच दिसते, पण त्या क्षणी मेंदूचा आलेख काढला तर त्यात अपस्माराच्या लहरी नसतात. म्हणून खात्रीच्या निदानासाठी व्हिडिओ-ईईजी ही तपासणी करतात. त्यात रुग्णाला निगराणीखाली ठेवून झटक्याचे चित्रीकरण आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी नोंदवला जातो. औषधांनी न थांबणाऱ्या झटक्यांसाठी मोठ्या अपस्मार केंद्रांकडे पाठवलेल्या रुग्णांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांना अपस्मार नसून हा आजार असतो, असे जगभरातल्या केंद्रांचा अनुभव सांगतो. रुग्णांमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रिया असतात, पण पुरुषांना आणि शाळकरी मुलांनाही तो होतो. जर्मनीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या झटक्यापासून खऱ्या निदानापर्यंत सरासरी सात वर्षे गेल्याचे आढळले होते. न्यूरॉलॉजीत अग्रेसर असलेल्या देशाची ही स्थिती असेल, तर व्हिडिओ-ईईजीसाठी बहुधा मोठे शहर गाठावे लागणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाची किती वर्षे वाया जात असतील, याची कल्पना करता येते. दहावी-बारावीत झटके सुरू झालेल्या मुलीच्या बाबतीत सात वर्षे म्हणजे तिचे शिक्षण, लग्न आणि पहिले बाळंतपण.

मेंदूत बिघाड नाही, तर शरीर आपोआप झटकते कसे, हा कुणालाही पडणारा प्रश्न आहे. शेतातल्या पंपाचा दाखला इथे चपखल बसतो. मोटरचे वायंडिंग जळालेले नसते, तरी विजेचा दाब एका मर्यादेबाहेर खालीवर झाला की स्टार्टर ट्रिप होतो. मोटर उघडून पाहिली तर दोष सापडत नाही, तरी पाणी बंद पडलेलेच असते. मनोजन्य झटक्यातही मेंदूची रचना शाबूत असते. असह्य ताण, भीती किंवा जुन्या आघाताची आठवण उफाळून आली की जाणीव आणि शरीरावरचा ताबा यांची सांगड तात्पुरती सुटते. मेंदूच्या प्रतिमांवर झालेल्या अभ्यासांत भावना हाताळणारे भाग आणि हालचाल घडवणारे भाग यांच्यातला संपर्क अशा रुग्णांमध्ये वेगळ्या पद्धतीने चालतो, असे संकेत मिळाले आहेत. विशेष म्हणजे अनेक रुग्णांना झटक्याआधी छातीत धडधड, घाम, श्वास कोंडणे अशी घबराटीची सगळी शारीरिक लक्षणे जाणवतात, पण मनात भीती वाटल्याचे ते सांगत नाहीत. जी भावना जाणवूनच घेता येत नाही, ती शरीर आपल्या मार्गाने बाहेर टाकते. त्यामुळे ‘मला कसलंच टेन्शन नाही’ असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगत असेल, तर तेही या आजाराच्या चित्रात बसते.

ताणाशी असलेले हे नाते मात्र सरळ रेषेचे नाही. ‘अमुक टेन्शन आले म्हणून फिट आली’ एवढ्यावर विषय संपवणे चुकीचे ठरते. तज्ज्ञ या आजारात तीन थर पाहतात. पहिला थर आधीपासूनच्या नाजूक बाजूंचा. बालपणातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, घरातला सततचा कलह, नैराश्य, डोक्याला झालेली इजा, कधी कधी खराखुरा अपस्मारही त्यात येतो. दुसरा थर निमित्ताचा: परीक्षा, मनाविरुद्ध ठरलेले लग्न, मूल दगावणे, घरातल्या कर्त्या माणसाचा मृत्यू. तिसरा थर आजार टिकवून धरणाऱ्या गोष्टींचा आहे आणि त्याच्याकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. पुन्हा झटका येईल या धास्तीने मुलगी शाळा सोडते, एकटी बाहेर पडत नाही, घरचे तिच्याकडे सतत डोळे लावून बसतात, नको असलेल्या गोळ्यांनी तिला गुंगी राहते, आणि या सगळ्यातून पुढच्या झटक्याची जमीन तयार होते. वऱ्हाडात पहिल्या दोन थरांची वाण कधीच पडलेली नाही. कापूस आणि सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही, कर्जाचे चक्र थांबत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत अकोला आणि अमरावती होतेच. शेतकरी आत्महत्यांच्या आकडेवारीत कर्त्या पुरुषाची नोंद होते. मागे राहिलेली बायको, मुलगी, म्हातारी आई यांच्या शरीरावर तो ताण कसा उमटतो, याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही.

सर्वांत जुना आक्षेप ढोंगाचा आहे, आणि तो गावातच नाही तर दवाखान्याच्या पडद्याआडही ऐकू येतो. झटका नेमका चार माणसांत येतो, पडताना रुग्ण स्वतःला फारसे लागू देत नाही, डोळे घट्ट मिटलेले असतात, मग हे ठरवून केलेले नाही कशावरून, असे विचारले जाते. ठरवून केलेल्या सोंगासाठी फायदा लागतो. या रुग्णांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तर शिक्षण सुटते, काम सुटते, लग्न मोडते, घरात किंमत उरत नाही. तोटा सहन करण्यासाठी कुणी वर्षानुवर्षे सोंग करत नाही. शिवाय अनेक रुग्ण झटक्यात खरोखर जखमी होतात, आणि झटके एकटेपणीही येतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या हजारो सैनिकांना कंप, लुळेपणा आणि असे झटके येऊ लागले होते. त्या धडधाकट, प्रशिक्षित पुरुषांच्या मेंदूत आणि नसांत डॉक्टरांना कसलीच इजा सापडत नव्हती, आणि त्यांच्यावरही आधी भित्रेपणाचा आणि सोंगाचाच आरोप झाला. हा आजार बायकी नखऱ्यांचा नाही, माणसाच्या मज्जासंस्थेचा आहे, हे तेव्हाच पुरेसे दिसले होते. ऑस्ट्रेलियात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर अशा रुग्णांचा मृत्युदर सर्वसामान्य लोकसंख्येच्या सुमारे अडीचपट आढळला. ज्या आजाराचे रुग्ण इतरांपेक्षा लवकर मरतात, त्याला नाटक म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

डॉक्टरांचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याचे उत्तर तितक्याच गांभीर्याने द्यायला हवे. मनोजन्य समजून खरा अपस्मार हातचा सुटला तर जीवावर बेतेल, त्यापेक्षा गोळी सुरू केलेली बरी, असे ते म्हणतात. भीती रास्त आहे. भारतात एक कोटीहून अधिक लोकांना अपस्मार असावा असा अंदाज आहे. त्यातल्या मोठ्या संख्येला आजही नियमित औषध मिळत नाही, आणि मनोजन्य झटके असलेल्या साधारण दहा टक्के रुग्णांना जोडीने अपस्मारही असतो. पण या भीतीवरचा उपाय सरसकट गोळ्या हा नाही, नीट निदान हा आहे. नुसत्या ईईजीवर विसंबण्याची सवय दोन्ही बाजूंनी दगा देते: खऱ्या अपस्मारातही पहिला अर्ध्या तासाचा ईईजी पुष्कळदा नॉर्मल येतो, आणि नॉर्मल आलेखातली निरुपद्रवी वळणे अपस्मार म्हणून वाचली जातात. झटका प्रत्यक्ष कसा दिसला, यात याहून अधिक माहिती असते. मनोजन्य झटका बहुधा दोन मिनिटांपेक्षा जास्त लांबतो, कमी होऊन पुन्हा वाढतो, डोके डावी-उजवीकडे हलते, हातपायांची लय एकमेकांशी जुळत नाही, मध्येच रडू येते. जिभेच्या कडेला खोल चावा असेल तर अपस्माराची शक्यता बळावते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनोजन्य झटक्यांच्या ५२ पैकी ५० रुग्णांचे डोळे झटक्यात मिटलेले होते, तर अपस्माराच्या १५६ पैकी १५२ जणांचे उघडे होते. पुढच्या अभ्यासांत ही खूण इतकी चोख ठरली नाही. म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो, चार-पाच खुणा एकत्र पाहायच्या असतात.

आणि इथेच पातूरसारख्या गावाला संधी आहे. अपस्मारावरील आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१३ साली या निदानाच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. व्हिडिओ-ईईजीने शिक्कामोर्तब ही सर्वांत वरची पायरी. पण झटक्याचे वर्णन, डॉक्टरने स्वतः किंवा चित्रीकरणात पाहिलेला झटका आणि साधा ईईजी यांच्या आधारे ‘शक्य’ आणि ‘संभाव्य’ अशा खालच्या पायऱ्यांवरही निदान मांडता येते आणि त्यावरून पुढची दिशा ठरवता येते. आज गावोगावी हातात मोबाइल आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेले झटक्याचे चित्रीकरण पाहून तज्ज्ञांनी अपस्मार आहे की नाही हे दहापैकी जवळपास नऊ वेळा बरोबर ओळखले. म्हणजे घरच्यांनी हुंगवायला कांदा नाहीतर चप्पल शोधण्याऐवजी तो वेळ झटका टिपण्यात घालवला, तर ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर ते चित्रीकरण अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या तज्ज्ञांना दाखवू शकतो. चित्रीकरण करतानाही एकाने रुग्णाजवळ राहावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, दाबून धरू नये, शक्य तेव्हा कुशीवर वळवावे. झटका आयुष्यात पहिल्यांदाच आला असेल किंवा पाच मिनिटांत थांबला नाही, तर विचार करत न बसता दवाखाना गाठावा. संशय मनोजन्य आजाराचा असला तरी हा नियम बदलत नाही.

चुकीच्या निदानाची किंमतही आपण मोजत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे उत्तम औषध आहे, पण गर्भारपणात ते घेतलेल्या स्त्रियांच्या दर शंभर बाळांपैकी सुमारे दहांना जन्मतः व्यंग असण्याचा आणि तीस ते चाळीस मुलांच्या बौद्धिक वाढीत अडथळे येण्याचा धोका असतो. ज्या सुनेला अपस्मार नाहीच, तिने हा धोका कशासाठी पत्करायचा? फेनिटोइनने हिरड्या सुजतात, तोल जातो. त्याहून मोठा धोका आकस्मिक विभागात असतो. झटका थांबत नाही म्हणून गुंगीची इंजेक्शने एकामागून एक दिली जातात आणि श्वास मंदावून रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो. दीर्घकाळ न थांबणाऱ्या अपस्मारावरील औषधांची तुलना करणाऱ्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत दाखल झालेल्या रुग्णांपैकीही सुमारे दहा टक्क्यांचे झटके मनोजन्य असल्याचे नंतर लक्षात आले. शिक्क्याची किंमत वेगळीच. अपस्मार हे हिंदू विवाह रद्द करण्याचे एक कारण म्हणून कायद्यात १९९९ पर्यंत होते. कायद्यातून ते गेले, सोयरिकीच्या चौकशीतून गेलेले नाही. मिरगीचा खोटा शिक्का बसलेल्या मुलीला तो आयुष्यभर वागवावा लागतो.

मग उपचार कोणता? गोळी नसेल तर उपचारच नाही, ही आपली समजूत इथे आड येते. सर्व अनुभवी केंद्रांचे एका बाबतीत एकमत आहे: निदान कसे सांगितले जाते, यावर पुढचे बरेच काही ठरते. झटके खरे आहेत, आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवतो, या आजाराला नाव आहे, तो अनेकांना होतो, मेंदूला इजा झालेली नाही, अपस्माराच्या गोळ्यांनी हा बरा होत नाही, पण बोलण्याच्या उपचाराने त्यावर ताबा मिळवता येतो, एवढे दहा मिनिटांत शांतपणे सांगितले, की काही रुग्णांचे झटके तिथूनच कमी होऊ लागतात. बाकीच्यांना मानसोपचाराची गरज लागते. झटक्याची चाहूल ओळखणे, श्वासाकडे आणि भोवतालच्या वस्तूंकडे लक्ष वळवून शुद्धीवर राहणे, टाळलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करणे, दडपलेल्या आघाताला शब्द देणे, असे त्याचे स्वरूप असते. त्याचे यश फुगवून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या २०१४ च्या एका छोट्या चाचणीत अशा उपचाराने झटके निम्म्याने घटले. ब्रिटनमधल्या ३६८ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र वर्षाअखेरीस महिन्याच्या झटक्यांच्या संख्येत ठोस फरक दिसला नाही. तिथे फरक पडला तो झटक्यांविना सलग जाणाऱ्या दिवसांत, मनस्तापात आणि रोजच्या कामकाजात. या फरकाला कमी लेखणाऱ्याने झटक्यांच्या धास्तीने सुटलेली शाळा पुन्हा सुरू होणे म्हणजे काय असते, याचा विचार करावा.

श्रद्धेच्या बाजूनेही एक आक्षेप येतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक आपली आजारी माणसे नेतात, आणि काहींना तिथे बरे वाटते, हे नाकारण्याचे कारण नाही. डॉक्टरने ‘काही नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कुटुंबाला तिथे निदान कुणीतरी ‘काहीतरी आहे’ असे म्हणते. दवाखान्याने सोडलेली जागा मांत्रिक भरतो, हे समजून घेतल्याशिवाय नुसती अंधश्रद्धेवर टीका करून उपयोग नाही. नवरात्रात देवीसमोर अंगात येणाऱ्या बाईलाही सरसकट रोगी ठरवायचे नाही. श्रद्धेच्या चौकटीत येणारा आणि तिथेच संपणारा अनुभव, ज्याने तिचे जगणे बिघडत नाही, त्याला मानसोपचारशास्त्रही आजार मानत नाही. पण अवेळी, नको असताना येणारे आणि जगणे थांबवणारे झटके वेगळे. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण, मिरचीची धुरी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. त्यासाठीच्या कायद्याचा पाठपुरावा करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो कायदा संमत झाला. शेजारच्या गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांना बरोबर घेऊन मानसोपचारतज्ज्ञांनी ‘दवा आणि दुवा’ असा उपक्रम चालवला. दुवा घ्यायला आलेला माणूस दवाही घेऊन जातो. वऱ्हाडातही हे अशक्य नाही.

‘एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून?’ हा व्यवस्थेचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर वऱ्हाडानेच दिलेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी मानसिक प्रथमोपचार करायचे, त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक आणि गरज पडेल तिथेच मानसोपचारतज्ज्ञ, अशी त्याची तीन पायऱ्यांची रचना होती. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘द लॅन्सेट सायकिअॅट्री’त त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार असल्याचे सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. त्या पाहणीत तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, आणि प्रकल्प नैराश्यावरचा होता, झटक्यांवरचा नव्हता, हे मान्य. पण मानसिक त्रासाची मदत वऱ्हाडी खेड्यात वऱ्हाडी माणसाच्या तोंडून दिली तर लोक ती घेतात, हे त्याने दाखवले. अशी मदत देणारी सरकारी यंत्रणा आज काही प्रमाणात कागदावर आणि काही प्रमाणात प्रत्यक्षातही आहे. राज्य सरकारने २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आशाताई आहेत, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची मोफत सेवा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आहे. कमतरता या साखळीच्या कड्या एकमेकींत अडकवण्याची आहे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. ताणाचे मूळ कर्जात, पडलेल्या भावात, नवऱ्याच्या दारूत आणि सासरच्या छळात आहे. मग बाईला समुपदेशन देऊन गप्प करणे म्हणजे अन्यायाला आजाराचे नाव देणे नाही का? तसे होऊ शकते, आणि म्हणूनच निदान एकांतात, नातेवाइकांना बाहेर बसवून, विश्वासाने व्हायला हवे. झटक्यांच्या मागे मारहाण निघाली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, १८१ ही महिला हेल्पलाइन आणि सखी केंद्र हा उपचाराचाच भाग आहे. अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरला ते कळवावेच लागते. उलट ‘मिरगी’ म्हणून गोळ्या सुरू ठेवल्या तर हे प्रश्न कधी विचारलेच जात नाहीत, आणि ‘नाटक’ म्हटले तर छळ करणाऱ्यालाच साक्षीदार मिळतो. कापसाला भाव मिळाला पाहिजे यासाठी लढावेच लागेल. पण ती लढाई जिंकेपर्यंत शेतमजुराच्या मुलीने झटके सोसत राहावे, असे कुणी म्हणू शकत नाही. आजार खरा मानला की त्याच्या मागचे कारणही खरे मानावे लागते. त्यामुळे योग्य निदान हे अन्यायावर पांघरूण घालत नाही, त्याच्याकडे बोट दाखवते.

म्हणून मागण्या साध्या आहेत आणि त्यांना नव्या इमारती लागत नाहीत. पातूरच्या आणि प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर-परिचारिकांना या झटक्यांच्या खुणांचे आणि निदान सांगण्याच्या पद्धतीचे एक दिवसाचे प्रशिक्षण मिळावे. मोबाइल चित्रीकरण तज्ज्ञांना दाखवण्याची, रुग्णाची गुप्तता राखणारी अधिकृत सोय अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडून द्यावी. न्यूरॉलॉजी आणि मानसोपचार या दोन विभागांनी अशा रुग्णाला एकमेकांकडे ढकलू नये, ठरलेल्या दिवशी एकत्र पाहावे, आणि सुरू असलेली गोळी कमी करायची तर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. जिल्हा मानसिक आरोग्य पथकाच्या महिन्याच्या भेटीत हे रुग्ण पाठपुराव्याच्या यादीत असावेत. घरच्यांनाही एक काम आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, पण नॉर्मल रिपोर्ट हातात पडला आणि ‘काही नाही’ असे ऐकू आले, तर खुर्चीवरून उठू नका. डॉक्टरांना विचारा: मिरगी नाही, तर मग हे काय आहे, आणि त्यावरचा उपचार कुठे मिळेल? या प्रश्नाचे उत्तर देणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि ते मिळेपर्यंत विचारत राहणे हा तुमचा हक्क आहे.